सहात दोनच ठोके

व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांनी मला फसवलं. सहा-आठचा, म्हणजे सहा मात्रांचा ताल त्यांनी मला सहा सारखे ठोके म्हणून मोजायला शिकवला आणि नाताळच्या गायनाच्या साथीतून मलाच वगळलं. "काका, तुम्ही वाजवत नाही, खिळे ठोकता," म्हणाले. तालमीला जमलेले सगळे हसले.

आज दुपारी बायको ओटीवर नातीला थोपटत बसली होती. तोंडाने तेच नाताळचं गाणं. तिच्या तळव्याची थाप एकवर पडे, मग थेट चारवर. मधल्या मात्रा हाताखालून नुसत्या वाहत जात. म्हणजे ठोके दोनच, आणि प्रत्येकाच्या पोटात तीन मात्रा. मी सहाही वेळा पाय आपटत होतो.

"अगं, हे तुला कोणी शिकवलं?" मी ओरडलो.

"हळू! पोर उठेल. झोपवायला शिकावं लागतं होय?"

केळ्यांच्या बाजारात मी कुणाचा शब्द पारखल्याशिवाय घेतला नाही. सुरांपुढे मात्र मान खाली घातली. वाटलं, इतक्या सुंदर गोष्टीत कोण कशाला लबाडी करेल? आता डाव्या हाताची बोटं आखडू लागली आहेत. पुढच्या नाताळाला ती तारांवर वळतील, असं डॉक्टरही म्हणत नाही. माणूस मात्रा मोजत बसतो आणि थाप कुठे पडते ते कळेपर्यंत गाणं पुढे निघून जातं.

सर, येत्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर सगळ्यांसमोर सांगा: दोन ठोके ठाऊक असताना मला सहा का मोजायला लावलेत?