मामांना न जमलेला चेहरा

माझ्या मामेसासऱ्यांइतका भित्रा माणूस किहीमपासून आगरदांड्यापर्यंत सापडायचा नाही, आणि भयपटांतले मुखवटे त्यांच्याइतके भेसूर रंगवणाराही सापडायचा नाही. एकही भयपट त्यांनी पुरता पाहिलेला नाही. पडद्यावर दार करकरलं की ते पाणी प्यायला उठतात. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि मुंबईच्या कुणा हौशी माणसाने एक कोरा रबरी मुखवटा रंगवायला पाठवला, तेव्हापासून हे वेड. रंगवून झाला की खरं काम सुरू व्हायचं, तो जुना करण्याचं. पातळ तपकिरी रंग अख्ख्या तोंडावर ओतायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, म्हणजे तो फक्त सुरकुत्यांत राहतो. मग दात घासायच्या ब्रशाने शिंतोडे, गालांवर पॉलिशपेपर. आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी विचारायचे, "जावईबापू, हा किती वर्षं जमिनीत होता असं वाटतं?" मी एकदा "दहा" म्हणालो, तर त्यांचा चेहरा पडला. त्यांनी चाळीस धरली होती.

मुखवटे वाळायचे मागच्या वाडीत, पोफळीला बांधलेल्या दोरीवर, मामींच्या लुगड्यांशेजारी. नारळ पाडायला येणारा गडी खालूनच ओरडायचा, "मास्तर, पयले ती थोबाडं काडा, मगच मी वर चरतो!" मामा दोरीच्या टोकाशी उभे असायचे. मामी आतून म्हणायच्या, "तिकडच्या टोकाला उभे आहेत ते काढू नकोस हो, ते माझे आहेत."

दोन वर्षांपूर्वी मामींना लकवा झाला. हात-पाय सुधारले, पण तोंड वाकडंच राहिलं. त्यांनी ओटीवर यायचं सोडलं. हळदीकुंकू बंद, शेजारणी आल्या की झोपल्याचं सोंग. घरातले आरसे त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवले. मामांना समजुतीचं बोलणं कधी जमलंच नाही. ते नुसते जवळ बसून ब्रश धूत राहायचे.

एका दुपारी मी तिथे असताना मामी म्हणाल्या, "अहो, जगभरची तोंडं रंगवता. माझं एक पहिल्यासारखं करून द्या. कुणी आलं की लावीन."

त्या थट्टेने म्हणाल्या की खरंच, मला कळलं नाही. मामांनी ते खरं धरलं. कोरा मुखवटा मागवला, लग्नातला फोटो समोर ठेवला आणि दोन महिने दुसरं काम घेतलं नाही. मी गेलो की नवा चेहरा असायचा. कधी बाहुलीसारखा, कधी मेणाचा. शेवटी हात पुसत ते मला म्हणाले, "मला चांगलं तोंड खराब करता येतं हो. उलटं नाही येत."

तसाच तो मुखवटा त्यांनी मामींच्या मांडीवर ठेवला आणि मान खाली घालून उभे राहिले. मामी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगबाई, ही कोण सटवी? हिच्यापेक्षा मी बरी!" आणि हसल्या. अर्धंच तोंड हसलं, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पदर सावरून ओटीवर येऊन बसल्या, तोंड न झाकता, मासेवालीशी घासाघीस करत. मामा दाराआडून ऐकत होते.

तो एक हिवाळा त्यांना मिळाला. नंतरच्या पावसाळ्यात मामी गेल्या.

मामा अजून रंगवतात. माझी बायको म्हणते, करू देत, नाहीतर त्या घरात ते दिवसभर करतील काय? परवा गेलो तेव्हा एक मुखवटा परत आला होता. सोबत गिऱ्हाइकाची चिठ्ठी होती, की काम सुरेख आहे, पण हा फार दुःखी दिसतो. "तुम्हीच बघा," मामा म्हणाले. मी बघितलं. दात होते, जखमा होत्या, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त ते तोंड कुणाला तरी हाक मारून थांबल्यासारखं दिसत होतं.

"छान झालाय, मामा," मी म्हणालो.

ते चहा टाकायला उठून आत गेले.