चालता माग थांबवणारे काका

माफी मागायची असली की काका आधी माग बंद करायचे. स्वतःचा नाही, समोरच्याचा.

तुम्ही कधी पॉवरलूमच्या शेडमध्ये उभे राहिला असाल तर कारण सांगायला नको. तिथं कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. आम्ही विणकर हातवाऱ्यांनीच बोलतो. पण खुणेनं माफी मागणं काकांना पटत नसे. हँडल ओढून माग थांबवायचे, पुढ्यात उभे राहायचे आणि म्हणायचे, "सकाळी तुझ्यावर खेकसलो. चुकलं माझं."

"काका, तुमच्या माफीपायी माझं कापड राहिलं ना," आमच्यातला सलीम करवादायचा. आमची मजुरी मीटरवर. मग काका माग थांबवल्याबद्दलही माफी मागायचे.

बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या आमच्या शेडमध्ये ते जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. ख्रिस्ती, साठीला आलेले. रविवारी सकाळी चर्चला जायचे आणि तेवढा वेळ संध्याकाळी थांबून भरून द्यायचे, सेठनं न सांगता. ब्रशनं मागातला कापसाचा कचरा काढताना पुटपुटायचे, "हा दिसतो तरी. आत कचरा नको बाबा."

मला हे जरा जास्तच वाटायचं. एकदा विचारलंसुद्धा, "काका, तुम्ही दारू पीत नाही, कुणाला शिवी देत नाही. तुमच्या आत कसला कचरा?"

"मनात देतो ना शिव्या," ते म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे." मी हसलो, ते हसले नाहीत.

आता माझं सांगतो. आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकला तर माग आपोआप थांबावा म्हणून एक पट्टी असते. माझ्या मागाची पट्टी उगाचच माग बंद पाडायची. काकांना बोलवा, दुरुस्त होईपर्यंत ताटकळत बसा, कोण करणार? मी ती तारेनं बांधून टाकली. तिसऱ्या दिवशी धोटा अडकला, माग थांबला नाही आणि शेकडो उभे धागे तटातट तुटले.

काका वाकून बघायला लागले. त्यांनी तार सोडवली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती खिशात टाकली. तेवढ्यात सेठ आला.

"हे कोणाचं काम?"

"मागांची दुरुस्ती माझ्याकडे आहे, सेठ. जबाबदारी माझी," काका म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. घरात दोन लहान लेकरं, बायको आजारी, अशी कारणं मनात जुळवत होतो. तोंड उघडलं नाही. सेठला काका तसेही म्हातारे, हळू वाटायचे. त्यानं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, काका माझ्या दारात. मला वाटलं, आता बायकोसमोर सगळं निघणार.

"दुपारपासून तुला मनात लबाड म्हणत होतो, भाऊ," ते म्हणाले. "शिव्या दिल्या, खूप दिल्या. माफ कर मला."

आणि मी काय म्हणालो? "जाऊ द्या काका. माफ केलं."

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मी काही बोलेन म्हणून थांबले असावेत. मग चपला घातल्या आणि गेले. लाज वाटते मला, आजही वाटते.

पुढं त्यांना कुठल्याच शेडनं ठेवलं नाही. खोकला होताच, तो वाढत गेला. बाजारात दिसले तर मी गल्ली बदलायचो. यंदा उन्हाळ्यात ते वारले.

कब्रस्तानात शेडमधले आम्ही चार-पाच जण होतो. मूठभर माती टाकून मागे सरलो, तर सलीमनं मला नावानं हाक मारली. ते नाव ऐकून काकू वळल्या आणि जवळ आल्या.

"तुम्हीच का ते? रोज प्रार्थनेत तुमचं नाव घ्यायचे. कशापायी, ते मला कधी सांगितलं नाही."

मी नुसती मान हलवली. सांगायला ती वेळ चांगली होती, तीही घालवली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी चालत्या मागाचं हँडल ओढलं आणि उभा राहिलो. सेठ दाराजवळ खुर्चीत बसला होता, फार तर दहा पावलांवर. तार मी बांधली होती, एवढंच त्याला सांगायचं होतं. सलीमनं लांबून हातानं विचारलं, धागा तुटला का?

मी मान डोलावून हो म्हटलं, आणि माग परत चालू केला.