अडण्याची नक्कल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते हदगावच्या शाळेत मला आठवी ते दहावी गणित शिकवणाऱ्या बाईंचे. आमच्या घरात दहावी पास झालेला मी पहिला आणि नांदेडला राहून पदवी घेतलेलाही पहिला. आई अजून पाहुण्यांना सांगते, "ह्याला बाईनं माणसात आणलं." ते खरंच आहे. पण लातूरला खासगी क्लासमध्ये गणित शिकवायला लागल्यापासून याच बाईंच्या आठवणीनं मला किती वैताग दिला, हे आईला माहीत नाही.

बाई फळ्यावर भूमितीचं उदाहरण लिहायच्या, आकृती काढायच्या, दोन ओळी पुढं जायच्या आणि थांबायच्या. खडू हनुवटीला टेकवून आकृतीकडं बघत राहायच्या. मग वळून विचारायच्या, "आता कसं करावं? सुचतंय का रे कुणाला?" कुणीतरी काहीतरी सांगायचं. ते चूक असलं तरी बाई ते करून बघायच्या. "चला, ह्याच्या वाटेनं जाऊ," म्हणत त्यानं सांगितलेली रेघ आकृतीत काढायच्या, आणि पुढं काही निघेना की म्हणायच्या, "न्हाई बाबा, इथं भिंत लागली." कधी कधी तास संपायचा पण उदाहरण सुटायचं नाही. ते डोक्यात घेऊन मी घरी जायचो आणि ओट्यावर कोळशानं तीच आकृती काढत बसायचो. आमच्या तुकडीचा अभ्यासक्रम कायम शेजारच्या तुकडीच्या मागं असायचा. मला मात्र गणिताची गोडी लागली ती त्या थांबण्यामुळं.

लातूरला शिकवायला लागलो तेव्हा शिकवायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नाही. एम. एस्सी. झालो होतो, तेवढं पुरेसं धरलं गेलं. संचालक सरांनी पहिल्या दिवशी शर्टाला लावायचा माइक दिला, मागच्या भिंतीवरचा कॅमेरा दाखवला आणि म्हणाले, "आमच्या मोठ्या सरांचे तास बघा. तसं जमलं की झालं."

मोठे सर म्हणजे त्या क्लासचे गणिताचे मुख्य शिक्षक. मी शेवटच्या बाकावर बसून त्यांचे तास बघायला लागलो. ते खरंच छान शिकवायचे. ऐन कंटाळ्याच्या वेळी त्यांच्या हातून मार्कर निसटायचा. ते म्हणायचे, "बघा, मार्कर कसा पडला. मार्क पण असेच पडले पाहिजेत." अख्खा वर्ग हसायचा. दुसऱ्या बॅचला मार्कर त्याच उदाहरणावर पडला. तिसऱ्या बॅचलाही. मी त्यांना विचारलं, तर ते अजिबात संकोचले नाहीत. "अहो, ती पण तयारीच असते. पोरं पेंगायच्या आधी पाडायचा."

मीही पाडला. तो माझ्या पँटवर काळी रेघ ओढून टेबलाखाली गेला. पुढच्या बाकावरचा एक जण शांतपणे म्हणाला, "सर, मोठे सर टोपण लावून पाडतात."

मग ठरवलं, दुसऱ्याचं सोडायचं आणि बाईंसारखं शिकवायचं. इंटिग्रेशनचा धडा चालू होता. त्यात एका ठिकाणी 'अमुक बरोबर टी मानू' असं लिहावं लागतं. पोरांना काय मानायचं ते पाठ असतं, तेच का मानायचं हे माहीत नसतं. मी तिथं थांबलो. मार्कर हनुवटीला टेकवला. "आता काय करावं? कुणाला सुचतंय?"

सकाळच्या बॅचमध्ये दोघा-तिघांनी सांगून बघितलं. एकानं चुकीचं सांगितलं, ते मी करून दाखवलं. मला फार दिवसांनी बरं वाटलं. संध्याकाळच्या बॅचला तेच उदाहरण घेतलं, तिथंच थांबलो, मार्कर हनुवटीला टेकवला. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, सकाळच्या बॅचला पण तुम्ही इथंच अडला होता म्हणे."

वर्ग जो हसला, तसा मोठ्या सरांच्या मार्करलाही हसला नव्हता.

महिन्याच्या शेवटी क्लासच्या ॲपवर पोरांचे अभिप्राय आले. 'सर तयारी करून येत नाहीत.' 'सर टाइमपास करतात.' एकानं लिहिलं होतं, 'सर चांगले आहेत पण त्यांना गणिताचे क्लास लावा.' संचालक सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, तुम्ही वर्गात अडता का हो?"

"मुद्दाम अडतो, सर. पोरांनी विचार करावा म्हणून."

"पोरं विचार करायला आली न्हाईत, नंबर लागावा म्हणून आलीत. पालक घरून तास बघायलेत. त्यांना तुम्ही नुसते उभे दिसता." मग जरा खालच्या सुरात म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. न्हाई जमलं तर डाऊट काउंटरला बसा. बॅच दुसऱ्याला देतो."

डाऊट काउंटर म्हणजे जिन्याखालचं टेबल. पोरं न सुटलेली उदाहरणं घेऊन रांगेत येतात, तिथला शिक्षक ती सोडवून देतो. तिथं फळा नसतो, वर्ग नसतो. वर्ग नसेल तर शिक्षक कसा होणार मी? नुसतं गणित तर मला आधीही येत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाईंकडं गेलो. आता त्या निवृत्त झाल्या आहेत, हदगावातच राहतात. ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"या सर," त्या म्हणाल्या. "काय करून राहिलास लातूरला? लई मोठा झाला म्हणं."

मी सगळं सांगितलं. मार्करचं ऐकून त्या खूप हसल्या. मग मी विचारायला आलो होतो ते विचारलं. "बाई, कुठं थांबायचं, किती वेळ थांबायचं, हे तुम्ही कसं ठरवायचा?"

त्यांनी हातातली शेंग फोडायची थांबवली. "ठरवायचे? अरे, मला येतच नव्हतं."

मला वाटलं त्या विनयानं बोलतायत.

"मी मराठीची. गणिताचे सर बदलून गेले, जागा काही भरली न्हाई. हेडसर म्हणाले, बाई, तोवर तुम्ही घ्या. ते 'तोवर' मी रिटायर होईस्तोवर चाललं. फळ्यासमोर घाम फुटायचा मला. तुमच्यापैकी कुणाला तरी येईल म्हणून विचारायचे."

"म्हणजे ती पद्धत नव्हती?"

"पद्धत कशाची बाबा. गरज होती." त्यांनी दाणे माझ्यापुढं सरकवले. "आणि तुझ्या वर्गातली निम्मी पोरं गणितात नापास झाली, ते आठवतंय का तुला? तू पास झालास, म्हणून तुला ते गोड लागून राहिलं."

मला ते आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर मी कधी तिकडं बघितलंच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मला बाईंचा राग आला, शाळेचा आला, ती जागा न भरणाऱ्यांचा आला. ज्याला मी कला समजून जपलं, ती एक रिकामी जागा होती. मोठ्या सरांची नक्कल फसली, याचं मला फारसं दुःख नव्हतं. ते कपडे माझे नव्हतेच. पण बाईंचं शिकवणं हे माझं स्वतःचं आहे, असं मी धरून चाललो होतो.

सुट्टी संपली आणि बॅच दुसऱ्याला गेली. मी जिन्याखाली बसायला लागलो. पोरं मोबाइलवरचा फोटो पुढं करायची. मी विचारायचो, "तू कुठपर्यंत आलास?" ती म्हणायची, "सर, फक्त सोल्यूशन द्या, मागं लाइन हाय." मी सोल्यूशन द्यायचो. महिनेच्या महिने मी कुणाला काही शिकवलं नाही. उन्हाळ्यात संचालक सरांनी पुन्हा बोलावलं, आणि त्यानंतर मी बाईंना हे पत्र लिहिलं.

तीर्थस्वरूप बाईंस, सा. न.

हे फोनवर नीट बोलता आलं नसतं. शुद्धलेखन चुकलं असेल तर चुकांखाली रेघ मारून ठेवा, आलो की बघीन.

तुम्ही खरं सांगितलंत, ते मला बरेच दिवस पचलं नाही. तुम्हाला येत नव्हतं, म्हणून आमच्यासमोर तुमचं अडणं खरं होतं. मला येतं, म्हणून माझं अडणं खोटं ठरतं, आणि पोरांना ते लगेच कळतं. उदाहरण वाचून व्हायच्या आत माझ्या डोक्यात उत्तर तयार असतं. त्यामुळं मला तुमच्यासारखं शिकवता येणार नाही. हे लिहिताना वाईट वाटतं.

जिन्याखाली बसून एक गोष्ट मात्र बघितली. रांग कमी असली की मी पोरांच्या वह्या उघडून बघतो. उत्तरं बघत नाही, खोडलेलं बघतो. एकाच उदाहरणात दहा जण एकाच जागी खोडतात, आणि ती जागा मी वर्गात थांबायचो ती नसते. कधी दोन ओळी आधी असते, कधी अगदी सोपी असते, जिथून मी न बघता पुढं गेलेलो असतो. शाळेत माझ्या वर्गातले ते नापास झालेले निम्मे जण कुठं खोडत होते, ते मला आता कळायचं नाही.

संचालक सर म्हणाले, जूनपासून नवी बॅच देतो, पण स्लाइड तयार मिळतील, त्याच वाचायच्या, मधे थांबायचं नाही. मला ते पटलेलं नाही. तरी मी हो म्हटलं. शिकवायला शिकायचं तर समोर वर्ग पाहिजे, आणि वर्ग त्यांच्याकडं आहे. एवढंच मागून घेतलं की, रोज तास सुरू व्हायच्या आधी पोरांच्या वह्या मला बघू द्या. ते म्हणाले, "बघा, पण पगारात धरणार न्हाई."

ह्या वेळी जमलं नाही तर पुन्हा बॅच मिळणार नाही. जमेल की नाही, मला सांगता येत नाही. जूनच्या दुसऱ्या सोमवारी पहिला तास आहे.

तुमचा विद्यार्थी