मऊ किक

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी पावणेपाचच्या सुमारास, जिवतीहून गडचांदूरकडे घाट उतरताना माझ्या पत्नीच्या मोटरसायकलचं इंजिन जाम झालं. मागचं चाक फिरायचं थांबलं. गाडी डांबरावर तीसेक फूट घसरत गेली आणि डोंगराच्या बाजूच्या नालीत पडली. पत्नी डाव्या हातावर पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. मागून येणाऱ्या काळीपिवळीच्या चालकाने तिला जीपमध्ये बसवलं आणि मला फोन केला. मी तेव्हा राजुऱ्यात, एका बातमीसाठी तहसील कार्यालयाच्या बाहेर उभा होतो.

ती डोंगरावरच्या एका कोलामगुड्यात, कोलाम आदिवासींच्या वस्तीत, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. सकाळची पहिली काळीपिवळी शाळा भरल्यावर पोचते, म्हणून ती मोटरसायकलने जायची. गाडी तिच्या वडिलांची. शंभर सीसीची, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी. वडिलांच्या हयातीत तिचा दोनदा बोर झाला होता. सिलेंडर आतून झिजला की लेथवर तो किंचित मोठा करतात आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. दर वेळी थोडा धातू जातो. तिसऱ्या बोरनंतरच्या मापाचा पिस्टन बाजारात मिळत नाही. म्हणजे गाडीचा एकच बोर उरला होता.

तक्रार दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झाली. गरम गाडी बंद पडली की लवकर सुरू होईना. घाटाच्या ज्या वळणावर दुसरा गिअर पुरायचा, तिथे पहिला टाकावा लागू लागला. थंड असताना इंजिनातून खडखड यायची, तापल्यावर कमी व्हायची. डिसेंबरात ती म्हणाली, "किक मऊ झाली."

"कधीपासून?"

"कालपासून."

"कालपासून, की आठवडाभरापासून?"

"ही बातमी नाई ना, दोन ठिकाणून खात्री करा म्हणून. पाय मायावाला आहे, मले समजते."

मी गाडी राजुऱ्याच्या मिस्त्रीकडे नेली. त्यांना सगळे भाऊच म्हणतात. त्यांनी प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि मला किक मारायला सांगितलं. इंजिन चांगलं असेल तर आतल्या हवेने अंगठा उडतो. त्यांचा अंगठा हलला, उडाला नाही.

"खोलून पाहा लागते," ते म्हणाले.

"खोललं तर बोर करावाच लागेल?"

"खोलल्याबिगर कसं सांगू? मी काही डॉक्टर नाई, फोटो काढून पाहाले."

"अजून किती चालेल?"

"चालन महिना, चालन दोन महिने. बंद पडाच्या आधी थे काई चिठ्ठी नाई धाडत."

मी गाडी खोलू दिली नाही. कारण मी पत्नीला सांगितलं ते असं: खोललं की शेवटचा बोर वापरावा लागेल, तेव्हा नक्की कळेपर्यंत थांबू. दुसऱ्या दिवशीपासून तिने पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं. तिचे वडीलही खडखड वाढली की तसंच करायचे. चार दिवसांत आवाज गेला. माझ्या वहीत त्या तारखेला दोनच शब्द आहेत: "आवाज बंद."

जानेवारीत गाडी आणखी जड झाली. भाऊंनी सायलेन्सर साफ करायला काढून जाळला. आतून काजळीचे पापुद्रे निघाले. ते पत्नीला म्हणाले, "मॅडम, किती ऑइल टाकून राह्यल्या? गाडीत टाकता का भजे तळता?"

ती हसली. "आवाज तं गेला ना, भाऊ."

"आवाज गेला नाई. ऑइलाखाली दबला."

हे वाक्य मी ऐकलं होतं. पण सायलेन्सर साफ झाल्यावर गाडी पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये वळण चढली, आणि मी असा निष्कर्ष काढला की दोष सायलेन्सरचाच होता. पत्नीला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "किक अजून मऊच आहे." मी म्हटलं, "बघू." हे संभाषण अपघाताच्या अकरा दिवस आधीचं आहे.

उतारावर डाव्या हाताची पहिली दोन बोटं क्लचवर ठेवायची, इंजिन अडलं की तो दाबायचा, म्हणजे चाक मोकळं होतं. हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. त्या दिवशी क्लच दाबला होता की नाही, हे तिला आठवत नाही. तिला आठवतं ते एवढंच: आधी किंचाळल्यासारखा आवाज आला, मग काहीच आवाज नव्हता.

गुरुवारी भाऊंनी माझ्यासमोर इंजिन खोललं. पिस्टनची वरची रिंग तुटली होती. तिचं टोक सिलेंडरच्या धूर जाण्याच्या भोकात अडकलं होतं. भिंतीवर उभे चरे होते, नख लावलं तर अडकत होतं. त्यांनी दुसरी, न तुटलेली रिंग सिलेंडरमध्ये सरळ बसवली. रिंगच्या दोन टोकांमध्ये जी फट राहते, ती झिजेबरोबर वाढते. भाऊ ती लोखंड कापायच्या आरीच्या तुटक्या पात्याने मोजतात.

"हे पातं जायलेच नाई पायजे," ते म्हणाले. पातं फटीत गेलं. त्यांनी शेजारी दुसरं लावलं. दोन्ही मिळूनही गेली.

मी विचारलं, "डिसेंबरात खोललं असतं तर?"

"तवाबी एक पातं तं गेलंच असतं."

"तेव्हा तुम्ही हे का नाही सांगितलं?"

"खोलून पाहा लागते म्हटलं होतं ना. यापेक्षा काय सांगू?"

मी त्यांना बोर करायला सांगितलं नाही. तो निर्णय पत्नीने घ्यायचा होता. घरी आल्यावर मी तिला रिंग, चरे आणि पाती, तिन्ही गोष्टी क्रमाने सांगितल्या. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता झाली खात्री?"

मी हो म्हटलं.

ती म्हणाली, "मग आता काऊन सांगता?"

त्यानंतर इंजिनाविषयी आमचं बोलणं झालेलं नाही. ती शाळेत काळीपिवळीने जाते आणि पहिला तास सुरू झाल्यावर पोचते. वरिष्ठांनी याबद्दल तिच्याकडे एकदा लेखी खुलासा मागितला. तो तिने उजव्या हाताने स्वतः लिहिला. कारणाच्या जागी "वाहन नादुरुस्त" एवढंच आहे.

सहा आठवड्यांनी, सोमवारी, चंद्रपूरच्या डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. तिला डावी मूठ वळायला सांगितली. अंगठा आणि पहिली दोन बोटं मिटली. उरलेली दोन अर्ध्यावर थांबली.