छपरावरची बरणी

लोक तिला धूळताई म्हणत. तिचं काम हवा-पाणी तपासण्याचं. पण नाव एकदा पडलं की पडलं, तिनेही हरकत घेतली नाही. गावाला लागून असलेली खाण आता कामगारांच्या गल्लीपर्यंत वाढायची होती. त्याआधी इथली हवा आज कशी आहे, हे तिला नोंदवायचं होतं. धूळ आधीच ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली, तर खाण गल्लीच्या अलीकडेच थांबणार होती. नाहीतर खोदकाम थेट परसदारी येणार.

म्हणून तिने गल्लीतल्या एका छपरावर उघड्या तोंडाची बरणी ठेवली. तळाशी थोडं पाणी, त्यात महिनाभर पडेल ती धूळ साठू द्यायची, एवढंच. घर खाणीतल्या एका म्हाताऱ्या ड्रिलवाल्याचं होतं. तो आतल्या खोलीत उशांना टेकून असे, आणि माणूस दिसण्याआधी त्याचा खोकला ऐकू येई.

महिन्याने ती बरणी उतरवायला गेली, तर बरणी लख्ख आणि पाणी अगदी पिण्याजोगं.

"काकू, हिला कुणी हात लावला?"

"मीच की," म्हाताऱ्याची बायको कौतुकाची वाट बघत म्हणाली. "रोज घासायचे. दुसऱ्याची वस्तू मळकी कशी परत द्यायची? गाळ किती निघायचा, काय सांगू!"

धूळताईला हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. या बायकांची हयात धुळीशी भांडण्यात गेलेली; दिसेल ते पुसायचं, हे हाडीमाशी खिळलेलं. रागवायचं तरी कुणावर? पण हेच पाणी तपासणीला पोचलं, तर कागदावर गल्लीची हवा स्वच्छ ठरेल, हे तिने शेजारी बसून समजावलं. काकूंचा चेहरा उतरला.

"ही रद्द करते," धूळताई म्हणाली. "दुसरी ठेवू. आणखी महिनाभर मुदत मागते."

तिच्या साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग मुदत दिली.

त्या महिन्यातच म्हातारा गेला. घर माणसांनी भरलं, नातेवाइकांनी झाडलोट केली. एक भाची झाडू घेऊन छपरावरही निघाली, तेव्हा काकू रडणं थांबवून शिडीशी जाऊन उभ्या राहिल्या. कुणाला वर जाऊ दिलं नाही.

महिना भरल्यावर धूळताई आली, तेव्हा त्यांनी स्वतः बरणी खाली आणली. तळाशी काळा चिखल बसला होता.

"नीट धर गं," त्या म्हणाल्या. "सांडू नकोस. ह्यांनी जन्मभर हेच खाल्लं."