मुठीतला वायसर

लवू पाष्टेनं आयुष्यात कधी गाडी गॅरेजला दिली नाही, आणि बायकोला कधी गोड शब्द दिला नाही. जयगडच्या बंदरावरून सुट्टी मिळाली, की दारापुढच्या खळ्यात मोटारसायकल उभी आणि शेजारी मालन, हातात झाकण धरून, झाकणात नटबोल्ट. तिनं शेणानं सारवलेल्या खळ्यावर काळे डाग पडायचे, कारण इंजिनाखालून ऑइल ठिबकायचं ते ठिबकायचंच. आणि दोष कुणाचा? तिचा!

"वायसरला धूळ लावलीस ना गो? डोकं हाय की करवंटी?"

एकदा तर सतराचा पाना फेकून मारला त्यानं. तिच्या घोट्यावरचा वण अजून आहे. अशी अठरा वर्षं काढली तिनं.

मग गेल्या मे महिन्यात लवूच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

खंडेनवमीच्या पूजेला गाडी तयार हवी. आदल्या दिवशी मालननं त्याला उचलून खळ्यात खुर्चीवर बसवलं आणि पाना स्वतः घेतला. लवू मनातून खूष! घालू दे घोळ. अंग गेलं तरी आपल्याशिवाय ही गाडी होत नाही, हे कळू दे वाडीला. तेवढीच तर किंमत उरली होती त्याची.

तिनं खालचा बोल्ट काढून ऑइल सोडलं. बोल्टाचा तांब्याचा वायसर झाकणात टाकला, झाकण त्याच्या मांडीवर ठेवलं नि चेन पुसायला वळली. लवूनं डाव्या हातानं वायसर उचलून मुठीत दडवला. आता ये म्हणावं विचारत.

मालननं झाकणात बघितलंसुद्धा नाही. कनवटीची पुडी सोडली, नवा कोरा वायसर बोल्टावर चढवला, बोल्ट कसला आणि नवं ऑइल ओतलं.

"दर टायमाला नवीन लावायचा असतो. दुकानवाल्यानं सांगितलान. तुम्ही अठरा वर्षं दबलेला जुनाच लावलात, म्हणून ठिबकत होती." ती हसली. "डोकं हाय की करवंटी?"

लवूची मूठ उघडायला लागली.

"ऱ्हाऊ द्या. तुम्हाला धरायला कायतरी हवं ना."

दुसऱ्या दिवशी तिनं इंजिनाच्या बरोब्बर खाली पांढरीशुभ्र रांगोळी काढली आणि आलेल्या प्रत्येकीला वाकून बघायला लावलं. लवू खुर्चीतून दिवसभर तिकडेच बघत होता. एक थेंब पाड रे, एकच, म्हणून देवाला विनवत होता. दिवेलागण झाली, तरी रांगोळी पांढरीच होती.