अक्रोतिरीची माणसं वेळेत निघाली

आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर लेकीबरोबर ग्रीसमधलं सँटोरिनी बेट पाहून आले, म्हणून आमच्या भोपाळच्या मराठी मंडळाने मला त्यावर बोलायला बोलावलं. आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन. गृहस्थ निवृत्त इंजिनियर.

"मॅडम, तिथल्या भिंतींवर निळी माकडं रंगवलीत ना? ती आपली लंगूर आहेत म्हणतात. म्हणजे तिथे आपलेच लोक होते. तेवढं ठासून सांगा."

"काही अभ्यासकांना ती आपल्या वानरांसारखी वाटतात, इतकंच," मी म्हणाले. "व्यापारातून एखादं माकड पोचलं असेल. आपले लोक तिथे राहत होते याला काडीचाही पुरावा नाही."

"पुराव्याचं काय घेऊन बसलात! लोकांना ऐकून बरं वाटलं पाहिजे."

फोन ठेवून मी कणीक इतकी जोरात तिंबली की पोळ्या लुसलुशीत झाल्या. रागाचा तेवढाच उपयोग.

दुसऱ्या दिवशी बिट्टन मार्केटजवळच्या हॉलमध्ये मला माहीत होतं तेच मी सांगितलं. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्या बेटावर, आज अक्रोतिरी म्हणतात तिथे, एक भरलेलं गाव होतं. दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गटारं, भिंतींवर उडत्या पाकोळ्या. मग भूकंप झाला. लोकांनी पडझड उपसायला घेतली, खाटा बाहेर काढल्या, आणि काम अर्धवट टाकून निघून गेले. नंतर ज्वालामुखी फुटला, गाव राखेखाली गाडलं गेलं. उत्खननात रांजण सापडले, भांडी सापडली. गावात माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत. पुढे ती माणसं किनाऱ्याला लागली की समुद्रात बुडाली, कुणालाच माहीत नाही. पण घरांतून ती वेळेत निघाली होती.

तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. सत्तरी ओलांडलेल्या, माहेर ग्वाल्हेरचं, सासर जुन्या भोपाळातलं. गॅसकांडात त्यांचा नवरा आणि धाकटी जाऊ गेली, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं.

"ताई, त्यांना कुणी सांगितलं हो, निघा म्हणून?"

"जमिनीनेच सांगितलं असावं. धक्के बसत होते. मोठ्या स्फोटाआधी थोडी राखही पडली होती."

"आम्हाला तर कुणीच नाही सांगितलं. तोंडावर ओला कपडा धरा, एवढं जरी कुणी..."

अध्यक्षांनी माईक उचलला. "वहिनी, आज तो विषय नको. कार्यक्रम छान चाललाय. बाहेर पोहे-जिलेबी तयार आहे. आणि हो, मॅडम सांगायच्या राहिल्या, त्या भिंतींवर आपली लंगूर आहेत! तिथे आपलंच राज्य होतं!"

टाळ्या पडल्या. बाई पदर सावरत खाली बसल्या. त्यांचं ते मुकाट्याने बसणं पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"माईक द्या इकडे."

"मॅडम, टाइम हो गया."

मग माईकशिवाय बोलले. मागच्या बाकावरच्या पोरांपर्यंत पोचणारा आवाज होता माझा, तो अजून शाबूत आहे.

"हे राज्यबिज्य साफ खोटं आहे. जे कधी नव्हतं त्याला टाळ्या वाजवता, आणि जे याच शहरात घडलं ते ऐकायला तुम्हाला पोहे आड येतात? लाज वाटली पाहिजे. वहिनी, उठा. बोला तुम्ही."

निम्मे लोक उठून बाहेर गेले. अध्यक्षही गेले. उरलेल्यांपुढे बाई दहा मिनिटं बोलल्या, अगदी सावकाश. गॅस ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने ते सगळे पळाले होते. वारा कुठला, पळायचं कुठे, सांगणारं कुणी नव्हतं. जावेचा हात एका वळणावर सुटला. नवरा तिला शोधायला मागे फिरला. "मी थांबले असते तर मीही गेले असते," त्या म्हणाल्या, "आणि इतकी वर्षं सगळे मला हेच सांगतात, की आता तो विषय नको."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमपत्रिकेतून प्रश्नोत्तरं काढून टाकलेली होती. मी भांडखोर आहे असं आता मंडळात बोललं जातं. बोलू देत. आम्ही दोघी दर महिन्याला जातो, पहिल्या रांगेत बसतो, आणि भाषण संपलं की हात वर करतो.